हत्तुरेबाईंची वेल आणि चोर मंडळी

या, असे सावलीला सरका. आधी घोटभर पाणी प्या, मग ऐका. एका वेलीची गोष्ट सांगतो. उन्हानं तिला मारलं नाही, तहानेनं मारलं नाही, चोरांनीसुद्धा मारलं नाही. कुणी मारलं ते कळलं की तुम्ही कपाळावर हात माराल. हत्तुरेबाईंनी तर दोन्ही हात मारले होते.

सोलापूरचा वैशाख होता. तिथं सूर्य उगवत नाही हो, अंगावर येतो. सकाळ उजाडते तीच उकळलेली. दुपारचं आभाळ तापल्या तव्यासारखं पांढरं, रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवणारं, आणि कडुनिंबाची सावलीसुद्धा धापा टाकत बुंध्याला चिकटून बसलेली. वारा येतो तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. चिमण्या चोची उघड्या टाकून, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून, माणसं उपरण्यात तोंड गुंडाळून. सगळं गाव एका पांढऱ्या ज्वाळेच्या पोटात मुकाट बसलेलं.

आणि त्या ज्वाळेच्या मधोमध, अक्कलकोट रस्त्याला, एक निळ्या काचेची पेटी. पेटीत हिमालय.

टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं ते. अख्ख्या जगाला अंग पुसायला टॉवेल पाठवायचे, आणि आत बसलेल्या एकाच्याही अंगाला घाम नाही. दार उघडून आत पाऊल टाकलं की ऊन मागं राहायचं, चष्म्यावर धुकं यायचं, आणि कानात एकच आवाज. घुंऽऽ. छताला टांगलेल्या त्या पांढऱ्या यंत्राचा आवाज. बर्फाचा भुंगा जसा.

या हिमालयाचे शंकर म्हणजे यमूल साहेब, तिथले मॅनेजर. पोट मोठं, मन मोठं, आणि एसीचा रिमोट शर्टाच्या खिशात, काळजाला लावून. आकडा ठरलेला. अठरा. उन्हाळा अठरा, पावसाळा अठरा, थंडीत सगळे कुडकुडले तरी अठरा.

कुणी कुरकुर केली की साहेब खुर्चीत मागं रेलायचे. "माझा जन्म लूमच्या शेडातला हो. वर पत्रा, खाली माग, मधी मी. शाळेत जायच्या आधी माझ्या अंगातनं घागरभर घाम गेलाय. आता देवानं गारवा दिलाय तर घेऊ द्या की थोडा."

आणि बरोबर त्या यंत्राच्या तोंडासमोर, खिडकीला लागून, हत्तुरेबाईंचं टेबल.

सरोजिनी हत्तुरे. माल रवाना करायच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई. वैशाखात स्वेटर घालणारी अख्ख्या सोलापुरातली एकच बाई. कपाळावर विभूतीचं बोट, नाकावर चष्मा, चष्म्यावरून नजर. आणि नजर अशी की खोटं बोलणाऱ्याला मधेच उचकी लागावी. ऑफिसातली टाचणी चुकून पदराला अडकून घरी गेली, तर दुसऱ्या दिवशी ती टाचणी परत डबीत यायची. असली बाई.

त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर ती वेल होती. मनीप्लांट म्हणतात तिला. पण बाईंनी ते नाव कधी तोंडानं घेतलं नाही. त्या 'वेल' म्हणायच्या, नुसतं 'वेल', जसं घरातल्या माणसाला हाक मारावी.

ती वेल बाईंच्या नवऱ्यानं लावलेली. मल्लिनाथ हत्तुरे, गिरणीत फिटर. एका संध्याकाळी डब्याच्या झाकणात ओल्या चिंधीत गुंडाळून एवढासा तुकडा घेऊन आला होता. कुठून आणला म्हणून विचारलं, तर नुसता हसला. चाळीच्या गॅलरीत एका तेलाच्या डब्यात तो तुकडा रुजला आणि मग वेल अशी सुटली, अशी सुटली, की गॅलरीचा कठडा हिरवा झाला, जिन्याचा खांब हिरवा झाला, शेजारणीच्या दोरीवरचे कपडे काढताना हाताला पानं यायला लागली.

मग गिरणी बंद पडली. मग मल्लिनाथ गेला. मग चाळ पाडली.

धुळीच्या त्या डोंगरातून बाईंनी एक हातभर वेल तेवढी वाचवली आणि मुलाच्या फ्लॅटवर नेली. पण फ्लॅटची खिडकी उघडायची ती दुसऱ्या फ्लॅटच्या भिंतीवर. उजेड म्हणून काही नव्हता तिथं, नुसती उजेडाची बातमी यायची. पानं फिकी पडली, उपाशी लेकरासारखी मान टाकायला लागली. म्हणून बाईंनी ती रिक्षात मांडीवर घेतली आणि ऑफिसात आणली. तिथं खिडकी होती. काचेतून गाळून आलेलं दुधाळ ऊन होतं.

मल्लिनाथच्या हातचं जगात दुसरं काही उरलं नव्हतं, बघा. गिरणीतली यंत्रं भंगारात गेली, चाळीतले खिळे मातीत गेले. हात गेला, हातानं लावलेलं तेवढं जिवंत होतं. ते जगवायचं, एवढंच बाईंना उरलं होतं. आणि तेच जगवायला जागा कुठली मिळाली? तर हिमालयाच्या तोंडात!

मग सुरू झाली लढाई.

पानांची टोकं तपकिरी पडायला लागली, कडेला, जळक्या पापडासारखी. बाईंनी ओळखलं. बाहेरच्या आगीत जी जळाली नव्हती, ती या गारठ्यात जळत होती. कोरडा वारा तो, पानाच्या अंगातलं पाणी चाटून नेणारा. एसीतल्या माणसाचे ओठ फुटतात, तसे पानाचे ओठ फुटतात.

बाईंनी कुंडी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवली, वाऱ्याच्या वाटेतून बाजूला. तिथं दुपारची काच तापायची आणि पानावर चट्टे पडायचे. परत इकडं सरकवली. वाऱ्याच्या तोंडाला टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला, वारा छताकडं वळवायला. संध्याकाळी साहेबांनी तो काढायला लावला. सकाळी बाईंनी परत बांधला. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं, आजारी माणसाचं कपाळ पुसावं तसं. पसरट ताटलीत गारगोट्या मांडल्या, गारगोट्यांत पाणी ओतलं आणि वर कुंडी ठेवली. म्हणजे खालून वाफेचा ओलावा पानांना मिळावा आणि मुळं मात्र भिजू नयेत.

"हत्तुरेबाई, ऑफिस आहे की नर्सरी?" साहेब म्हणाले.

"नर्सरीच बरी, साहेब. तिथं रोपं तरी जगतात. इथं माणसं वाळत घातलीत तुम्ही."

"स्वेटर आहे की तुमच्याकडं!"

"मला आहे. वेलीला कुठून विणू?"

पलीकडच्या टेबलावरची पल्लवी फिसकन हसली. हिशेब बघणारी पोरगी, जिभेला हाड नसलेली. दाराशी स्टुलावर बसलेले गफूरभाई शिपाई मात्र हसले नाहीत. त्यांनी फक्त टोपी नीट केली आणि छताकडं बघितलं. गफूरभाईंची ती रीत होती. भांडण असो, मरण असो, चहात साखर कमी असो, छताकडं बघायचं.

पण लढता लढता बाईंच्या ध्यानात एक वेगळीच गोष्ट आली. वेल वाढत नव्हती. ते ठीक, एसी. वेल फिकी होत होती. ते ठीक, एसी. पण वेल आखूड होत होती!

शनिवारी कट्ट्याखाली लोंबणारा शेंडा सोमवारी कट्ट्याच्या वर. पोपटी जिभेसारखं नवं पान आज उमललं, की उद्या जागेवर नाही. बाईंनी खाली शोधलं. गळून पडलेलं म्हणावं तर जमिनीवर काही नाही. गारठ्यानं शेंडे झडतात का? झडले तर जातात कुठं? वारा गिळतो का?

"अठरावर ठेवा अजून! अठरावर ठेवा!" बाई यंत्राकडं बघून दात-ओठ खायच्या. यंत्र आपलं घुंऽऽ.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाई हात धुऊन जरा लवकर परत आल्या. काचेवर उन्हाचा थर साचलेला, खोली निळ्या सावलीत बुडलेली. आणि त्या निळ्या सावलीत पल्लवी, वेलीवर वाकलेली. एका हातात डब्याचं झाकण. झाकणात ओली चिंधी. दुसऱ्या हाताच्या नखानं टच्‌.

"पल्लवी!"

पोरगी अशी दचकली की झाकण खाली, चिंधी खाली आणि हिरवा शेंडा बाईंच्या चपलेवर.

"अगं, चोरी करतेस? मागितलं असतंस तर मी दिलं नसतं?"

"दिलं असतं हो काकू! म्हणूनच तर मागितलं नाही!"

बाईंना वाटलं, थंडीनं आपल्या कानात बर्फ झाला असावा. "काय म्हणालीस?"

"मागून आणलेला मनीप्लांट लागत नाही, काकू. चोरूनच आणावा लागतो. माहीत नाही तुम्हाला? सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

इथं पल्लवीनं जीभ चावली. पण बाण सुटला होता. बाईंची नजर चष्म्यावरून निघाली आणि सावकाश खोलीभर फिरली, देवळातल्या निरांजनासारखी, एकेकाच्या तोंडाशी थांबत. गफूरभाईंनी छताकडं बघितलं.

"गफूरभाई, तुम्ही पण?"

"अब क्या बोलूं बाई... एकच नेलाय. म्हणजे आधी एक. तो बकरीनं खाल्ला. मग दुसरा."

"आणि साहेब?"

काचेच्या केबिनमध्ये यमूल साहेब एकाएकी कामात बुडाले. त्यांचे कान मात्र तांबडे, तिखट मिरचीसारखे तांबडे.

बाईंचा आवाज मग असा चढला की यंत्राचा भुंगासुद्धा ऐकू येईना. "मी इथं रात्रंदिवस एसीला शिव्या घालतेय! फडक्यानं पानं पुसतेय! पुठ्ठे बांधतेय! आणि तुम्ही सगळे मिळून तिला भादरताय? बकरीला घालताय? अरे, ऑफिसात बसलेय की चोरांच्या गावात?"

 बाई खुर्चीत बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांना ती संध्याकाळ आठवली. डब्याचं झाकण. ओली चिंधी. मल्लिनाथचं ते हसणं.

बाईंनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही सुद्धा!" त्या पुटपुटल्या. "जन्मभर मला चोरीचा माल पाळायला लावलात आणि सांगितलंत का एका शब्दानं? ऊठसूट हसायचं नुसतं!" मेलेल्या माणसावर असं चिडता येतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं. आणि चिडताना डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही त्यांना वेगळा राग आला.

त्या दिवसापासून चोऱ्या थांबल्या. एक नख वेलीला लागलं नाही.

पण माणूस विचित्र प्राणी आहे, बघा. चोरी करताना तो एकदाच चोर असतो. पश्चात्ताप झाला की रोज.

सकाळी पल्लवी आधी यायची. बाई यायच्या आत तिनं आपल्या बाटलीतलं पाणी वेलीला घालावं, हळूच, दोन्ही बाजूंना बघून. 'वाढ बाई, माफ कर.' मग गफूरभाई यायचे. टेबलांवरचे अर्धे प्यालेले ग्लास गोळा करताना एक ग्लास कुंडीत. 'पी, बेटी.' दुपारी साहेब केबिनमधून निघायचे, खिडकीतून बाहेर ट्रक आला का बघायचं निमित्त करायचे आणि मागे लपवलेल्या हातातली बाटली कुंडीत रिकामी करायचे. कुणाचं कुणाला माहीत नाही. प्रत्येकाचं पुण्य एकट्याचं, प्रत्येकाचा अभिषेक गुपचूप.

आणि बाई? बाई कुंडीवर बोट ठेवून बघायच्या. एसीचा वारा मातीची वरची साय तेवढी वाळवायचा. बोटाला लागायची ती कोरडी, भुसभुशीत, तापल्या रस्त्यावरच्या धुळीसारखी माती. 'तहानलीय गं,' म्हणून बाईसुद्धा तांब्या ओतायच्या.

बाहेर असती तर उन्हानं त्यातलं निम्मं पाणी पिऊन टाकलं असतं. पण आत ऊन कुठलं? आत तो निळा, निजलेला गारवा. त्या गारव्यात पाणी उडत नाही, मुळं घोट घेत नाहीत. वर वाळवंट आणि खाली दलदल. वर धूळ आणि खाली चिखल. आणि चिखलात मल्लिनाथच्या वेलीचे पांढरे पाय, बुडत, बुडत, काळे होत.

पानं पिवळी पडली. आधी एक, हळदीच्या बोटासारखं. मग अख्खी वेल हळद लागल्यासारखी.

"तहानलीय," पल्लवीला वाटलं. बाटली.

"प्यासी है," गफूरभाईंना वाटलं. ग्लास.

"पाणी कमी पडतंय," साहेबांना वाटलं. बाटली, आणि वर अजून एक.

शेवटी एका सकाळी बाईंनी देठाला हात लावला, तर देठ मऊ. शिजलेल्या भाजीसारखा मऊ. नुसता हात लावला आणि सगळी वेल त्यांच्या हातात आली, मुळासकट, जराही न अडकता. काळी मुळं, साचलेल्या डबक्याचा वास, आणि कुंडीत मातीचं काळं पाणी हलत होतं.

बाई वेल हातात घेऊन उभ्या राहिल्या. मागून एकेक जण आला आणि उभा राहिला. मग एकानं कबूल केलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. सगळ्यांचं पाणी एकाच कुंडीत निघालं.

चोरीनं मेली नाही ती. चोरीनं नुसती आखूड झाली होती. ती मेली पश्चात्तापानं.

बाई ओरडतील म्हणून सगळे मान खाली घालून होते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी वेल वर्तमानपत्रात गुंडाळली, नीट, चारी बाजू दुमडून, आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर रिकामी कुंडी, आणि कुंडीमागं उन्हानं आंधळी झालेली काच.

साहेबांनी खिशातून रिमोट काढला, आकडा सव्वीसवर नेला. यंत्राचा भुंगा दमल्यासारखा हळू झाला.

बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "आता कशाला, साहेब? लावा अठरा. आता इथं थंडी वाजणारं कुणी राहिलं नाही." आणि त्यांनी स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

त्या बटणांनी साहेबांना जेवढं लागलं, तेवढं ओरडण्यानं लागलं नसतं.

पल्लवीनं आपल्या घरच्या वेलीचा शेंडा आणला. तो मूळचा इथलाच की! रंगीत कपात लावून, हळदी-कुंकू वाहून, रीतसर बाईंच्या पुढ्यात ठेवला. "काकू, घ्या. तुमचीच आहे." बाईंनी घेतला. कौतुकानं घेतला. आणि तो शेंडा काही दिवसांत कपातच काळा पडला. पडणारच! कपाच्या बुडाला भोक कुठं होतं पाणी निघायला?

गफूरभाई छताकडं बघत म्हणाले, "दिलेला नाही लागत, बाई. पल्लवी बोलली होती ना."

"थोतांड!" बाई कडाडल्या. "भोक नव्हतं म्हणून गेला!"

"भोक नव्हतं, ते पण आहेच," गफूरभाई म्हणाले.

"थोतांड ते थोतांड!" बाई परत म्हणाल्या. पण परत म्हणावं लागलं, इथंच सगळं आलं.

असेच दिवस गेले, कोरडे, निळे, घुंघुणारे. आणि यमूल साहेबांना नातू झाला. बारशाला सगळं ऑफिस बोलावलं.

साहेबांचं घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. खाली माग, वर बिऱ्हाड. एरवी खडखडाटानं जमीन थरथरायची. बारशासाठी माग तेवढे थांबवलेले, आणि त्या शांततेत हवेतले कापसाचे तंतू उन्हाच्या तिरिपेत सोन्यासारखे तरंगत होते. जिना चढून बाई वर आल्या आणि घामानं न्हाल्या. पत्र्याखालची ती खोली नव्हे, भट्टी होती. आणि भट्टीच्या मधोमध यमूल साहेब, मलमलच्या सदऱ्यात, घामानं निथळत, नातवाला हलवत, आनंदानं फुललेले.

"साहेब," बाई पदरानं मान पुसत म्हणाल्या, "आम्हाला तिकडं बर्फात पुरलंत आणि तुमच्या घरी एसी नाही?"

"घरचा रिमोट बायकोकडं असतो हो बाई. तिला गारवा सोसत नाही."

आतून साहेबांच्या बायको, भाग्यलक्ष्मीबाई, खळखळून हसल्या. मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा, एवढं मोठं कुंकू. "या या हत्तुरेबाई! वारं लागेल, गॅलरीत उभ्या राहा जरा."

बाई गॅलरीत गेल्या, आणि थबकल्या.

गजावर, खांबावर, पाण्याच्या टाकीवर, पत्र्याच्या पन्हाळीवर... वेल. हिरवी नव्हे, हिरवीगार नव्हे. हिरव्या रंगानं जिथं जन्म घेतला असेल तसली वेल. तळहाताएवढी पानं, केळीच्या पानासारखी तेजाळ, ऊन गाळणारी, ऊन पिणारी, वाऱ्यावर टाळ्या पिटणारी. उन्हाच्या त्या पांढऱ्या जाळात ती एकटी पाचूची नदी, वरून खाली कोसळत होती.

बाईंनी एक पान उलटून बघितलं. पानाच्या अर्ध्या अंगावर चुन्याचं बोट ओढल्यासारखा पांढरा पट्टा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, हत्तुरेमामा तंबाखू मळून चुन्याचं बोट पानांना पुसतात. तोच पट्टा. तेच बोट.

बाईंनी त्या पट्ट्यावरून आपलं बोट फिरवलं. आणि त्याच्या मागोमाग संताप आला. माझ्याकडं मेली आणि या चोराकडं नांदतेय! मी ताटल्या मांडल्या, गारगोट्या धुतल्या, पुठ्ठे बांधले. आणि ह्यानं काय केलं? कधीकाळी चोरून नेली, टाकीशेजारी खुपसली आणि विसरून गेला!

साहेब मागं येऊन उभे होते. तोंड पडलेलं. "बाई, कापून देऊ? पाहिजे तेवढी घ्या. सगळी घ्या. मी आत्ता कात्री..."

"अय्यो, गप बसा!" भाग्यलक्ष्मीबाईंनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की साहेब एका पायावर आले. "देऊ नका काही! दिलं की वाटोळं होतंय, अक्कल कशी नाही?" आणि मग एकदम आवाज चढवून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चला गं, चला सगळे! पाळण्याकडं तोंड करा! गफूरभाई, तुम्ही पण. पल्लवी, वळ इकडं. गॅलरीकडं कुणी बघायचं नाही!"

आणि जाता जाता, विसरल्यासारखं, कठड्यावर एक ओली चिंधी ठेवून गेल्या.

सगळं घर वळलं. म्हातारे वळले, पोरं वळली, जावा-नणंदा वळल्या. खांद्याला खांदा लावून पाठींची एक भिंत उभी राहिली. नव्या लुगड्यांची, घामेजल्या सदऱ्यांची, मोगऱ्याच्या गजऱ्यांची भिंत. पलीकडं पाळणा, अलीकडं बाई. आणि मधे कुणाची नजर म्हणून नाही.

जन्मात टाचणी न उचललेली बाई ती.  'थोतांड आहे,' मन म्हणालं. 'थोतांड तर थोतांड,' हात म्हणाला, आणि पुढं झाला. परत मागं आला. पाठींच्या भिंतीपलीकडं पाळण्याचं गाणं सुरू झालं, संपलं. बाईंचं झालं नव्हतं. मग गाणं परत पहिल्यापासून सुरू झालं, आणखी मोठ्यानं. बाळ रडून रडून लाल. तरी एक मान मागं वळली नाही.

'शहाणे आहेत मेले,' बाई मनात म्हणाल्या. 'सगळेच्या सगळे शहाणे आहेत.' आणि त्यांनी नख लावलं.

टच्‌.

एवढासा आवाज. पण बाईंच्या छातीत तो असा वाजला, की गाण्याच्याही वर ऐकू गेला असं त्यांना वाटलं. चिंधीत शेंडा, पर्समध्ये चिंधी, पर्सला चेन. आणि चेन लावता लावता बाई हसल्या. कुठून आणला म्हणून विचारल्यावर जसं कुणी हसावं, तसं.

बारसं झालं, पेढे झाले. बाई जिना उतरायला लागल्या. पर्सच्या चेनीतून एक पोपटी पान बाहेर डोकावत होतं, पांढऱ्या पट्ट्याचं, लाजेचा लवलेश नसलेलं. सगळ्यांनी बघितलं. साहेबांनी घसा खाकरला. पल्लवीनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

रिक्षापाशी गफूरभाईंना राहवलं नाही. "बाई, तुमच्या पर्समधून..."

बाईंची नजर चष्म्यावरून आली. "काय?"

गफूरभाईंनी वर बघितलं. तिथं छत नव्हतं, तर त्यांनी आभाळ बघून घेतलं. "काही नाही. ऊन फार आहे, म्हटलं."

आता ती वेल ऑफिसातच आहे. पण दाराशेजारच्या खिडकीत, जिथं यंत्राचा वारा पोचत नाही आणि काच तापत नाही. कुंडीच्या बुडाला भोक आहे. पाणी एकट्या बाई घालतात, तेही माती बोटभर खोल उकरून, आतली ओल बघून. पहिलं मूळ फुटलं तेव्हा ती अजून काचेच्या ग्लासात होती. पाण्यात एक पांढरा दोरा, बारीक, सरळ, अंधार चाचपत खाली उतरणारा. अख्खं ऑफिस ग्लासाभोवती उभं राहून तो दोरा बघत होतं, श्वास धरून. यंत्र वर घुंघुणत होतं. चोविसावर. मधला तह तो.

तर मंडळी, गोष्ट झाली. उठा आता, कामं असतील. जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्याही खिडकीत, गॅलरीत, ऑफिसाच्या कट्ट्यावर अशी एखादी वेल असेल. आणि कुणाचा तरी हात, भीत भीत, तिच्या कोवळ्या शेंड्याकडं जात असेल. त्या हाताला हटकू नका. 'घे की' असंही म्हणू नका. काहीतरी निमित्त काढा, ऊन बघा, आभाळ बघा, पाठ फिरवा. आणि टच्‌ असा आवाज येईपर्यंत, तेवढा वेळ, एखादं गाणं परत पहिल्यापासून म्हणा.